वाटीऐवजी खेळण्यात वाढा : फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी

सकाळी साडेसहाच्या सुमाराला मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीतून जा. तिथली कुत्री कामाला लागलेली असतात. एकाने थर्माकोलच्या रिकाम्या पेटीत डोकं घातलेलं असतं, दुसरं बर्फाच्या पाण्याच्या ओघळामागे वास काढत निघालेलं असतं, तिसरं कसलीशी पिशवी पायाखाली धरून दातांनी सोडवत असतं. हुंगायचं, उकरायचं, चाटायचं, कुरतडायचं. दीड-दोन तास हे चालतं आणि मग सगळी उभ्या रिक्षांच्या सावलीत शांत पडतात.

आमची चिंगी अशाच एका गल्लीतली, मुलुंड पूर्वेची. साडेतीन महिन्यांची असताना ती घरी आली. मी तिला स्टीलच्या वाटीत जेवण द्यायला लागले आणि तिचा दोन तासांचा उद्योग एका मिनिटात संपू लागला. उरलेल्या दिवसात तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. मग दाराची चौकट कुरतडली गेली, सोफ्याची शिवण उसवली, खालच्या मजल्यावरच्या काकू ‘दुपारी फार भुंकते हो’ असं सांगून गेल्या. चिंगी वाईट वागत नव्हती. तिचं काम आम्ही काढून घेतलं होतं.

जेवण भरलेलं खेळणं तिला ते काम परत देतं. मुंबईत याची गरज जास्तच. वन बीएचकेत पळायला जागा नाही, मे महिन्यात सकाळी नऊनंतर डांबरी रस्ता पंजे पोळतो, आणि जुलैत चार-चार दिवस धड फिरणं होत नाही. १५-२० मिनिटं मन लावून चाटणं आणि शोधणं झालं की चिंगी आपणहून चटईवर जाऊन झोपते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. खेळण्यात भरायचं ते रोजच्या जेवणातलंच, वरचा खाऊ नव्हे. सकाळच्या किंवा रात्रीच्या जेवणातला अर्धा वाटा बाजूला काढा आणि तोच खेळण्यातून द्या. हे पाळलं नाही तर तीन महिन्यांत कुत्रा गोल होतो. आपल्याकडचे लॅब्रॅडोर आणि पग तर आधीच त्या वाटेवर असतात.

खेळणं निवडताना

बाजारात सगळ्यांत जास्त दिसतं ते काँग (Kong) या कंपनीचं लाल रबरी खेळणं, एकावर एक तीन गोळे ठेवल्यासारखं, आतून पोकळ. त्याची गोष्ट मला आवडते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ज्यो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात खराब करून घेत होता. फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करताना मार्कहॅम यांनी गाडीचा एक रबरी भाग बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्यातून १९७६ साली हे खेळणं आणि ती कंपनी उभी राहिली. पिल्लांसाठी मऊ रबर, मोठ्या कुत्र्यांसाठी लाल, जोरदार चावणाऱ्यांसाठी काळं, अशी त्यांची वाटणी आहे. आता इतर कंपन्यांचीही चांगली खेळणी मिळतात. कोणतंही घ्या, पण दुकानात उभं राहून चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट भोकांची. खेळण्याला दोन भोकं हवीतच, एक भरायचं मोठं आणि दुसऱ्या टोकाला एक लहान. एकाच भोकाच्या पोकळ खेळण्यात कुत्र्याने जीभ घातली की आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ खेचली जाते. ती अडकते, सुजते आणि मग ओढूनही निघत नाही. जीभ कापावी लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. स्वस्तातल्या रबरी चेंडूंमध्ये हा दोष फार दिसतो, म्हणून मी हा मुद्दा सगळ्यांच्या आधी सांगते.

दुसरी गोष्ट आकाराची. खेळणं पूर्ण तोंडात जाऊन मागच्या दाढांच्या पलीकडे सरकता कामा नये. दोन मापांमध्ये घुटमळत असाल तर मोठं घ्या. तिसरी कडकपणाची. अंगठ्याचं नख दाबल्यावर थोडं तरी रुतलं पाहिजे. दगडासारख्या कडक वस्तूंनी वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडतो. याच कारणाने नारळाची करवंटी देऊ नका. ती फुकट मिळते आणि कुत्र्यांना आवडतेही, पण तिने दात तुटतो आणि तिचे तुकडे आतड्यात अडकतात. चौथी, आत शिट्टी असलेली खेळणी जेवण भरायला वापरू नका. शिट्टी गिळली जाते.

पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची जीभ खोल पोचत नाही. त्यांना रुंद तोंडाचं खेळणं किंवा सिलिकॉनची खडबडीत लिक मॅट, म्हणजे वर जेवण फासून चाटायला द्यायची चटई, बरी. म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्यांनाही मॅटच.

शक्य असेल तर दोन खेळणी घ्या. एक वापरात, एक फ्रीजमध्ये.

आत काय भरायचं

यासाठी परदेशी डब्यांची गरज नाही. आपल्या ओट्यावरचं पुष्कळ चालतं. ड्राय फूडचे दाणे, साधं गोडं दही, वाफवलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, किसलेलं गाजर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं, मीठ-मसाल्याशिवाय उकडून हाडं काढलेलं चिकन, मऊ भात. नाचणीची भाकरी दह्यात भिजवून कालवली तर फार छान बसते.

ही नाचणीची कल्पना माझ्या सासूबाईंची. सुरुवातीला त्या म्हणायच्या, ‘अगं, सरळ ताटलीत वाढ की तिला, कशाला दमवतेस पोरीला?’ मग एका दुपारी त्यांनीच चिंगीला खेळणं पुढच्या पायांत धरून, डोळे अर्धे मिटून चाटताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून खेळणं भरण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

वासासाठी मी एक वस्तू सांगेन, ती मुंबईत सहज मिळते : सुका जवळा. कोळणीकडून घेताना मीठ न लावलेला आहे ना, हे विचारून घ्या. घरी दोन-तीन पाण्यांतून धुवा, कारण त्यात वाळू असते. मग तव्यावर कोरडा भाजून चुरून ठेवा. चिमूटभर चुरा मिश्रणात घातला की खेळण्याकडे ढुंकून न पाहणारं कुत्रंही उठून येतं. चिमूटभरच, ओंजळभर नाही.

पीनट बटरबद्दल जरा थांबून बोलू. ते चिकटतं आणि कुत्र्यांना वेड लावतं, म्हणून सगळे तेच सुचवतात. पण एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ ९५ कॅलरी. नसबंदी झालेल्या, १० किलो वजनाच्या साध्या घरगुती कुत्र्याची दिवसाची गरज साधारण ६०० कॅलरी असते आणि वरखाणं त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं, म्हणजे ६०. एका चमच्यातच दीडपट झाली. तेव्हा ते फक्त भोकाच्या कडेला बोटाने फासा. चीज, साय, तूप यांचंही तसंच. फार स्निग्ध खाल्ल्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं गंभीर असतं.

काय कधीच नाही

पीनट बटर घेताना डब्यामागची यादी वाचा. ‘झायलिटॉल’ किंवा ‘बर्च शुगर’ लिहिलं असेल तर डबा परत ठेवा. हे गोडवा आणणारं द्रव्य माणसाला चालतं, पण कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं आणि यकृतालाही इजा करतं.

मनुके, बेदाणे आणि द्राक्षं यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही नको. आपल्या घरात हे लक्षात ठेवावंच लागतं, कारण प्रसादाच्या शिऱ्यात, खिरीत मनुके असतात आणि ‘प्रसाद आहे, थोडासा दे’ असं प्रेमाने म्हटलं जातं. जायफळ असलेलं श्रीखंड आणि पुरण नको. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रस्स्यातलं चिकन धुऊन घेतलं तरी नको. चॉकलेट नको. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत. आंब्याच्या फोडीचा लहान तुकडा चालेल, पण बाठा कुत्र्याच्या हाती लागू देऊ नका. मे महिन्यात कचऱ्याचा डबा झाकलेला हवा, कारण गिळलेला बाठा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो.

यातलं काही पोटात गेलंच तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपायही करू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा आणि काय, किती, कधी खाल्लं ते सांगा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू झालं आहे. पण मुलुंड किंवा बोरिवलीहून ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आपण जाणतो. आपल्या जवळ रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ते आजच विचारून नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

पहिले दहा दिवस

माझी चूक इथेच झाली होती. पहिल्याच दिवशी मी खेळणं गच्च भरून, दगडासारखं गोठवून चिंगीसमोर ठेवलं. तिने दोनदा चाटलं, पंजा मारला आणि निघून गेली. मला वाटलं, हिला हे आवडत नाही. खरं तर तिला ते जमत नव्हतं. न जमलेल्या कामात रस टिकत नाही, कुत्र्याचाही. म्हणून सुरुवात इतकी सोपी करा की तुम्हाला ती फुकटची वाटेल.

पहिला आणि दुसरा दिवस : खेळण्यात सुटे दाणे टाका, अर्ध्यापर्यंत. काही चिकटवायचं नाही. जमिनीवर आडवं ठेवा. नाक लागताच दाणे घरंगळून बाहेर आले पाहिजेत. कुत्र्याला कळलं पाहिजे की याला ढकललं की जेवण पडतं.

तिसरा ते पाचवा दिवस : दाणे थोड्या दह्यात किंवा भोपळ्यात कालवून सैलसर भरा. मोठ्या भोकाच्या कडेला थोडं फासून ठेवा, म्हणजे जिभेला पहिली चव लगेच मिळते. पाच-सात मिनिटांत संपलं तर बरोबर चाललंय.

सहावा ते आठवा दिवस : तेच मिश्रण जरा दाबून भरा आणि तासभर फ्रीजमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, ठेवा. थंड झालं की घट्ट होतं.

त्यानंतर फ्रीझर. आधी दोन तास, मग रात्रभर. पूर्ण गोठलेलं खेळणं चिंगीला २५-३० मिनिटं पुरतं. प्रत्येक कुत्र्याला इतका वेळ लागेलच असं नाही. लॅब्रॅडोर दहा मिनिटांत फडशा पाडतो आणि त्यात काही चूक नाही.

कोणत्याही पायरीवर कुत्रा मध्येच सोडून जाऊ लागला, खेळण्याकडे बघून भुंकू लागला किंवा रबरच फाडू लागला, तर एक पायरी मागे या. दात येणाऱ्या, चार ते सहा महिन्यांच्या पिल्लांना मात्र थंडावा आवडतो, हिरड्यांना बरं वाटतं. त्यांना तासभर गार केलेलं द्या.

या सगळ्या दिवसांत तुम्ही त्याच खोलीत असा. एकटं असताना द्यायचं ते खेळणं आधी किमान आठवडाभर डोळ्यांदेखत वापरलेलं हवं.

भरायची रीत

लहान भोक आधी बंद करा, केळ्याचा नाहीतर उकडलेल्या रताळ्याचा गोळा दाबून. मग खेळणं स्टीलच्या पेल्यात उभं ठेवा, मोठं भोक वर. असं केल्याने भरताना ओट्यावर सांडत नाही आणि फ्रीझरमध्येही तसंच उभं राहतं. तळाशी सगळ्यांत आवडतं काहीतरी टाका, चिकनचा तुकडा किंवा अंडं, म्हणजे शेवटपर्यंत चिकाटी राहते. मध्ये रोजचं मिश्रण. वर अर्धं बोट जागा सोडा, कारण गोठल्यावर मिश्रण फुगतं. सिंगल डोअर फ्रीजचा फ्रीझर लहान असतो आणि सोललेले मटार, खोवलेला नारळ यांच्यात जागा काढावी लागते. पेला झाकणाच्या डब्यात ठेवलात तर वासही मिसळत नाहीत.

मुंग्या, उकाडा आणि धुणं

दही-अंड्याचं मिश्रण आपल्या हवेत फार वेळ टिकत नाही. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात, एरवी दोन तासांत उरलेलं उचलून टाकून द्या. ऑफिसला जाताना दिवसभरासाठी म्हणून ओलं काही ठेवून जाऊ नका. एकटं असताना दुसरं खेळणं हवंच असेल तर त्यात फक्त कोरडे दाणे.

मुंग्यांसाठी आमचा उपाय साधा. खेळणं द्यायची जागा ठरलेली आहे, बाल्कनीच्या दाराजवळची. तिथे एक जुनी सतरंजी घालतो, आणि खाऊन झालं की ती लगेच झटकून जमीन ओल्या फडक्याने पुसतो. सतरंजीचा दुसराही उपयोग आहे. रबरी खेळणं टाइल्सवर आपटलं की खालच्या घरात हातोडा मारल्यासारखा आवाज जातो.

धुताना खेळणं आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, मग भांड्यांचा सौम्य साबण आणि बाळाची बाटली धुवायचा ब्रश. लहान भोकात ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा. पावसाळ्यात आतला ओलावा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि काळी बुरशी धरते, म्हणून मोठं भोक खाली करून पंख्याखाली ठेवा. रोज उन्हात टाकलं तर रबर लवकर चिरतं. धुताना टवका उडालाय का, चीर पडलीय का, ते बोटाने चाचपा. तुकडा निघायला लागला की खेळणं टाकायचं, महाग असलं तरी.

विकत न घेता

आप्पेपात्र! बिडाचं, जुनं. ते जड असतं, कुत्र्याला उलटवता येत नाही. खळग्यांत दाणे टाका आणि प्रत्येक खळग्यावर तोंडात पूर्ण न मावणारा मोठा चेंडू ठेवा. चेंडू उचलायचा, खालचं खायचं. चिंगी हे दहा मिनिटं करते. नॉनस्टिकचं पात्र मात्र घेऊ नका, नखांनी थर निघतो.

जुन्या टॉवेलवर दाणे पसरून त्याची सैल गुंडाळी करा, जमायला लागलं की गाठ मारा. खोक्यात कागदाचे बोळे आणि दाणे टाका, पण स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढा. कापड किंवा पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्यासाठी हे दोन्ही बाद. प्लॅस्टिकच्या बाटलीत दाणे घालून देण्याची युक्ती सगळीकडे सांगतात, मी देत नाही. चावलेलं प्लॅस्टिक धारदार होतं.

घरात इतर कोणी असेल तर

दोन कुत्री असतील तर दोन खोल्या किंवा मध्ये बंद दार. एरवी गळ्यात गळा घालून झोपणारीही जेवणावरून भांडू शकतात. लहान मुलांना आणि कामाला येणाऱ्या ताईंना सांगून ठेवा की खेळणं चालू असताना तिच्याजवळ जायचं नाही. काढून घ्यायची वेळ आलीच तर हिसकावू नका. दोन पावलं दूर चिकनचा तुकडा टाका, ती उठली की खेळणं उचला. तुम्ही जवळ गेल्यावर ती ताठ होत असेल, भराभर खायला लागत असेल किंवा गुरगुरत असेल, तर ओरडू नका. ती घाबरून सांगते आहे. अशा वेळी जाणत्या ट्रेनरची मदत घ्या.

घराबाहेर पडताना

बहुतेकांना हे खेळणं हवं असतं ते याचसाठी. ८.१७ची लोकल गाठायची आणि मागे रडणं ऐकू यायला नको. इथे मी मनापासून एक विनंती करते. खेळणं फक्त निघतानाच देऊ नका. तसं केलंत तर थोड्याच दिवसांत त्याचा अर्थ ‘आता मला एकटं ठेवणार’ असा होतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तुम्ही घरात असताना, भाजी निवडताना, टीव्ही पाहताना द्या.

आणि परत आल्यावर खेळण्याकडे नीट बघा. ते जसंच्या तसं पडलेलं असेल आणि तुम्हाला पाहिल्यावरच कुत्रा त्याच्यावर तुटून पडत असेल, तर तो दिवसभर उपाशी राहून घाबरलेला होता. दाराशी ओरखडे, लाळेचं थारोळं, शेजाऱ्यांनी ऐकलेलं रडणं हीही तीच खूण. या भीतीवर कितीही चविष्ट खेळणं उपयोगी पडत नाही. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून अर्ध्या तासाचं चित्रण करा आणि ते डॉक्टरांना दाखवा. एकटेपणाची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागते आणि काहींना औषधाचीही गरज पडते.

गणपती आणि दिवाळी

चाटण्याने बऱ्याच कुत्र्यांना शांत वाटतं, म्हणून ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या दिवसांत याचा आधार होतो. पण तयारी आधी करावी लागते. आम्ही गणपतीच्या तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी सातला, आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून चिंगीला लिक मॅट देतो. आवाज सुरू होण्याआधीच त्या खोलीची आणि त्या वेळेची तिला ओढ लागलेली असते. मिरवणूक कोपऱ्यावर आली आणि तिने चाटणं थांबवलं तर मॅट तिच्या तोंडाशी नेत नाही. बाजूला ठेवतो आणि तिच्याजवळ बसतो. सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून हरिपाठ म्हणतात. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या अभंगापर्यंत ती पुन्हा मॅटकडे वळते. नाही वळली तर मॅट धुऊन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा देतो.